एक पान जास्तीचं

१

माझ्या मनगटावरच्या घड्याळाला भात आवडत नाही. घराच्या चारी बाजूंना धानाच्या बांध्या, जिल्हा भंडारा, आणि दिवसाला मी किती भात खावा हे ठरवणार ते. त्याच्या मते अर्धी वाटी पुरे. अर्धी वाटी भात आमच्याकडे दात न आलेल्या पोराला भरवतात.

दोष घड्याळाचा एकट्याचा नाही. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला दम भरला होता, वजन उतरवा नाहीतर गोळ्यांवरून सुईवर जाल. मी मोहाडीला सरकारी कचेरीत बाबू आहे, म्हणजे बसणं हेच माझं काम. शेजारच्या टेबलावरच्या मनिषने हे घड्याळ घ्यायला लावलं. त्याने आधीच एक घेतलं होतं, आणि एकट्याने फसायचं त्याच्या जिवावर आलं असावं.

या घड्याळाची रीत अशी. सकाळी उठलं की ते तुम्हाला दिवसभराच्या खाण्याची मुभा देतं. मला सोळाशे कॅलरी मिळत. जे खाल ते मोबाइलमध्ये लिहायचं, तेवढी मुभा कमी होते. चाललात, जिने चढलात, घाम गाळलात की ते थरथरतं आणि मुभा थोडी वाढवून देतं. राबाल तेवढं खा. ऐकायला न्यायाचं वाटतं, पण खुर्चीतल्या माणसाच्या वाट्याला यातून काय येणार? जेवण झाल्यावर मी कचेरीभोवती फेऱ्या मारायचो, तेव्हा कुठे अर्ध्या पोळीची वाढ मिळायची. वर लिहून यायचं, ‘अभिनंदन टेकचंद! आपण सक्रिय आहात!’ अर्ध्या पोळीसाठी अभिनंदन! कुठेतरी गार खोलीत बसून हे बनवणारे उंटावरून शेळ्या हाकणार आणि मी इथे उपाशी फिरणार.

आई तर रोज टोमणा मारायची. "जेवाले बी त्या डबड्याले इचारतेस का रे बाबू?"

बायको, दामिनी, तेवढी माझ्या बाजूने होती. म्हणजे डाव तिच्या हातात होता आणि ती मोजूनमापून वाढायची.

२

धानाच्या रोवणीच्या दिवसांतला एक रविवार होता. आमची शेती तलावाला लागून आहे, शेवटच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की पलीकडे लगेच पाणी. त्या दिवशी गावातल्या बाया आमच्या बांधीत रोवायला होत्या आणि आईही त्यांच्यात होती. सत्तरी ओलांडली तरी रोवणीत तिला कोणी मागे टाकत नाही. मी सकाळपासून पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या वाहत होतो. घड्याळ आनंदाने नुसतं थरथरत होतं.

रोवणाऱ्यांना जेवण घरधन्याने न्यायचं. त्यात आमच्या गावात एक रीत आहे. जितकी माणसं कामावर, त्याहून एक पान जास्तीचं वाढायचं आणि तलावाकडच्या धुऱ्यावर नेऊन ठेवायचं. काहून, ते कोणी सांगत नाही. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा आई म्हणाली होती, "जो राबते त्याचं हाय." विषय तिथेच संपला होता.

माझं जेवण झालं. भूक मात्र तशीच होती, आणि मोबाइल सांगत होता, ‘आपली मुभा शिल्लक आहे.’ भरपूर शिल्लक होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हे यंत्र मला जेव म्हणत होतं. समोर धुऱ्यावर पळसाच्या पत्रावळीत भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. मुंग्यांची रांग निघालीच होती. मी बसलो आणि सगळं खाल्लं. भात पार निवला होता, तरी इतका गोड भात मी जन्मात खाल्ला नव्हता. प्रामाणिकपणे मोबाइलमध्ये लिहिलासुद्धा.

संध्याकाळी आईने रिकामी पत्रावळ पाहिली.

"ते पान कोनं खाल्लं?"

"मी खाल्लं. मुंग्यांनी खाल्लं असतं, त्यापेक्षा बरं."

"तुह्यं पान तुले वाढलं होतं ना?"

"आई, सकाळपासून मी राबलो. राबणाऱ्याचं पान राबणाऱ्यानं खाल्लं. झालं?"

ती चिखलाचे पाय धूत बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, चला, एकदाचं हिला निरुत्तर केलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कचेरीत बसलो होतो. वर पंखा कुरकुरत होता, लोक जेवायला गेले होते. मनगट थरथरलं. ‘अभिनंदन टेकचंद! आपण सक्रिय आहात!’

मी दुसरं काही करत नव्हतो, फक्त जांभई देत होतो.

थोड्या वेळाने पुन्हा थरथरलं, मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत मुभा इतकी वाढली की एखाद्या हमालाने लाजावं. मी मनिषला दाखवलं.

"टेकचंदभाऊ, तुमी बोलताना हात लय नाचवता," तो म्हणाला. "त्याले वाटत असन, हा मानूस व्यायाम करून राहिला."

दुसऱ्या दिवशी मी हात मांडीखाली दाबून बसलो. तरी तेच. मग घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवलं, तेव्हा ते गप्प राहिलं. मनगटावर चढवलं की सुरू. म्हटलं, यंत्र बिघडलं. मनिषचं घड्याळ मागून घेतलं आणि माझं त्याला दिलं. त्याच्या हातावर माझं घड्याळ शहाण्या मुलासारखं शांत बसलं. माझ्या हातावर त्याचं थरथरायला लागलं.

मनिष हसायचा थांबला. "तुमाले ताप-बिप तं नाही ना?" एवढंच म्हणाला, आणि घाईघाईने आपलं घड्याळ परत घेतलं.

मला भीती वाटली असं म्हणणार नाही. मला राग आला. दुकानदार म्हणेल यंत्र ठीक आहे, डॉक्टर म्हणेल माणूस ठीक आहे, आणि दोघांच्या मध्ये मी बावळटासारखा हात पुढे करून उभा.

४

आणि भूक! त्या आठवड्यापासून मला जी भूक लागायला लागली तिला तोड नव्हती. मुभा वाढलेलीच होती, मी खाऊ लागलो. आधी दोन वाट्या भात, मग ताटभर, मग गंजात उरलेला. दामिनी दोनदा गंज चढवायला लागली.

"अवो, त्या घड्याळाले चालते का एवढं?"

"चालते. त्यालाच विचार."

खाऊन खाऊन मी फुगायला हवं होतं. उलट पॅन्ट ढिली झाली. पट्ट्याला मोच्याकडून नवं भोक पाडून घेतलं, मग आणखी एक. दामिनीने आधी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरांनी पाठ थोपटली, असंच चालू ठेवा म्हणाले. कचेरीत जो तो विचारायचा, काय करता हो? काय सांगणार? खुर्चीत बसतो आणि बैलासारखा खातो!

मग एके सकाळी दामिनी माझ्याकडे बघत राहिली. "तुमचे गाल कुठं गेले?"

त्याच सुमाराला पायाला खाज सुटली. मोजे काढले तर बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फाटली होती. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. याला चिखल्या म्हणतात. चिखलपाण्यात दिवस दिवस उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या होतात. मी त्या रविवारनंतर बांधीत पाय ठेवला नव्हता. बूट घालून पंख्याखाली बसत होतो.

आईने तेल गरम केलं आणि त्यात हळद घालून माझ्या बोटांना लावलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच तिने माझे पाय मांडीवर घेतले होते. "रोवणं सरू दे," ती हळूच म्हणाली. "सरलं का सुटते."

"काय सुटते?"

"पाय हालवू नको."

५

मी असा सुटायची वाट पाहणारा माणूस नाही. ठरवलं, मुभा गेली खड्ड्यात, मी सोळाशेच खाणार. न खाणाऱ्याला कोण राबवतं बघू.

एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी कचेरीत कपाटातून फाइल काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा मनिष माझ्या तोंडात साखरेचं पाणी ओतत होता. मनगटावर लिहून आलं होतं, ‘आज आपण गरजेपेक्षा फार कमी खाल्ले आहे. काळजी घ्या.’ कळवळा बघा!

मनिषने माझा मोबाइल उचलला होता. काय नोंद होते ते बघावं म्हणून तो इकडे तिकडे दाबत होता. कुठे गेलो, कसा गेलो त्याचा नकाशाही हे यंत्र ठेवतं म्हणे. मी कधी उघडला नव्हता.

"भाऊ," तो म्हणाला, "हे कोन्त्या गावचं हाय?"

नकाशावर मोहाडी नव्हतीच. रस्ता नव्हता, कचेरी नव्हती. आमच्या गावचा तलाव होता. निळ्या पाण्याच्या बरोबर मध्यावर एक लाल रेघ या टोकाकडून त्या टोकाला गेली होती, तिथून जरा मागे सरकून परत आली होती, पुन्हा जरा मागे सरकून गेली होती. रेघेला लागून रेघ, तलावाचा एक कोपरा भरला होता. रेघा सरळ नव्हत्या, शिकाऊ हाताच्या होत्या.

मनिषला काही कळलं नाही. तो भंडारा शहरात वाढलेला. मी मात्र जन्मापासून ते बघत आलोय. धान रोवणारी बाई पुढे जात नाही. वाकून, आडवी ओळ लावत, मागे मागे सरकते.

"पोहाले जाता का काय तुमी?" मनिषने विचारलं.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

६

गावची रोवणी सरली. शेवटच्या बांधीत शेवटची जुडी लागली, बाया हातपाय धुऊन घरी गेल्या. आईच्या बोलण्यावर मी एरवी विश्वास ठेवत नाही, पण त्या दिवशी ठेवला. सरलं का सुटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलाशी बसलो होतो. मनगट थरथरलं.

मी इतका चिडलो की साहेबांना न विचारताच निघालो. गाडीला किक मारली ती थेट शेतावर. म्हटलं, जे काय आहे ते तोंडासमोर बघू. नकाशा चुकतो, माणसाची शुगर खाली जाते, चिखल्या घामानेही होत असतील. सगळ्याला कारण असतं. ती कारणं मी गाडीवर मोठमोठ्याने बोलत होतो.

तलावाकडच्या धुऱ्यावर बसलो. भर दुपार, ऊन होतं. वारा अजिबात नव्हता. एक बगळा नव्हता, म्हशी नव्हत्या. पाणी अगदी सपाट.

मनगट थरथरलं आणि तेव्हाच मला ते दिसलं. दूर, पाण्यात एक छोटं वर्तुळ उठलं. त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं. मासा असा ओळीत उडत नाही. एका ओळीत, सारख्या अंतरावर, एकामागून एक वर्तुळं उठत होती आणि ती ओळ माझ्या बाजूला सरकत होती. प्रत्येक वर्तुळाबरोबर एक आवाज. चिखलात मूठ खुपसून बाहेर काढावी तसा, ओला, बारीक. त्यांत एका टोकाचं वर्तुळ सारखं मागे पडत होतं. बाकीची होऊन गेली की ते उठायचं.

माझा उजवा हात दुखत होता म्हणून खाली पाहिलं. अंगठा आणि दोन बोटं एकत्र मिटलेली होती, आणि हात आपला आपण धुऱ्याच्या मातीत टोचत होता. शेवटच्या वर्तुळाच्या तालावर टोचत होता.

मी तो डाव्या हाताने घट्ट धरला. तिकडे शेवटचं वर्तुळ उठायचं थांबलं. मग त्याच्या शेजारचं थांबलं. हळूहळू सगळी ओळ थांबली. ओळीतल्या एकाचा हात थांबला की बाकीच्या जशा कंबर सरळ करून धुऱ्यावर कोण आलं ते बघतात, तशी थांबली.

मी गाडीपर्यंत पळालो.

७

घरी येऊन दोघींना तलावावर दिसलेलं सगळं सांगितलं. दामिनी रडायला लागली, उद्याच नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे चला म्हणाली. आईने माझा शर्ट वर करून बरगड्यांवरून हात फिरवला, एकेक बरगडी चाचपली. त्या हाताने मला एकदम फार भीती वाटली. तोवर मी रागाच्या आड लपलो होतो. मरणार आहे असं मला त्या क्षणी वाटलं आणि मी आईसमोर पोरासारखा रडलो.

"उगा राय," ती म्हणाली. "तुले हापिस हाय, बायको हाय. उगा राय."

नागपूरला जायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळ थरथरलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. उलट तक्रार आली, ‘आज आपण फारशी हालचाल केली नाही. उठा, थोडे चाला!’ ते वाचून मी कचेरीत मोठ्याने हसलो. मुभा पुन्हा सोळाशेवर आली. अर्धी वाटी भात! इतक्या आनंदाने मी कधी उपाशी राहिलो नव्हतो. पायाची कातडी सुकली. गालांवर जरा मांस आलं.

शुक्रवारी लवकर सुटलो तेव्हा पेढे घेऊन घरी आलो.

"आई कुठे?"

"तलावाकडं गेल्या," दामिनी म्हणाली. "चार दिवस झाले, दुपारी एक पान वाढून नेतात. मले वाटलं, तुमच्या भल्यासाठी ठेवून राहिल्या धुऱ्यावर."

रोवणी संपल्यावर ते पान कोणी ठेवत नाही. मी पेढ्यांचा पुडा तिथेच टाकला.

८

आई धुऱ्यावर बसली होती, पाण्याकडे तोंड करून. पुढ्यात पत्रावळ. ती जेवत होती. माझी आई चिमणीएवढं खाते. पण आता मोठमोठे घास घेत होती, घास उतरायच्या आत दुसरा. पदराखालचे खांदे मला चार दिवसांपूर्वीच्या माझ्या खांद्यांसारखे दिसले.

"आई! कोणी सांगितलं होतं तुला हे?" मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर इतका ओरडलो नव्हतो. "दे ते पान इकडे. माझं आहे ते, मी खाल्लं होतं!"

मी पत्रावळ ओढायला वाकलो. तिने माझ्या हातावर फटका मारला, चांगला जोरात.

"माह्या पानाले हात लावू नको."

"आई, तू मरशील."

"तुले रोवता येते का?" ती म्हणाली. बोट चाटून तिने शेवटची शितं वेचली. "कधी रोवाले बांधीत उतरला नाही तू. साऱ्या ओळी वाकड्या करून ठेवल्या होत्या. त्या बाया हासत होत्या बाबू. मले पाहवलं नाही."

नकाशाबद्दल मी तिला सांगितलं नव्हतं.

ती कमरेवर हात ठेवून उठली, पत्रावळ पाण्यात सोडली आणि माझ्या मागे गाडीवर बसली. मागे कोणी बसलंय असं वाटेना म्हणून मी सारखा वळून बघत होतो.

९

मी स्वस्थ बसलो नाही. दुसऱ्याच दिवशी पान वाढून नेलं, त्याच जागी ठेवलं आणि खाल्लं. काही झालं नाही. पुन्हा नेलं. घड्याळ म्हणालं, मुभेपेक्षा जास्त खाल्ले आहे. आईला कळलं तेव्हा ती हसली.

"रोवता येनाऱ्याच्या हातचं काम काढून न येनाऱ्याले कोन देते रे?"

घड्याळ आता तिच्या मनगटावर आहे. किती वाढायचं ते कळावं म्हणून दामिनीनेच बांधलं. मनगट इतकं बारीक झालंय की पट्टा शेवटच्या भोकातही सैल बसतो. दुपार झाली की ते थरथरायला लागतं. मला व्हायचं त्यापेक्षा किती तरी जास्त. मुभा वाढते, आम्ही दोघं वाढतो. भात मऊ करून, तूप घालून, कालवून देतो. पण खाणार किती ती? तिच्या तोंडात दात तरी किती राहिलेत? रात्री मोबाइल सांगतो, ‘आपली मुभा शिल्लक आहे.’ रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त शिल्लक असते. शिव्या तरी कोणाला द्यायच्या?

काल मी रजा काढली. दुपारी ती बाजेवर बसली होती, डोळे मिटून, पाय खाली सोडून. घरात कसलाच आवाज नव्हता, फक्त मनगटावरची थरथर. मी ताट पुढे केलं, भाताचा घास तिच्या ओठांशी नेला.

"आई, जेवून घे."

तिने डोळे उघडले नाहीत. घास हाताने बाजूला सारला.

"थांब रे बाबू," ती म्हणाली. "एवढी ओळ होऊ दे."